बांगाई कार्डिनल: नराने तोंडात अंडी धरली आहेत, आता पुढे काय करू?

खारंपाणी_नाशिक

नमस्कार मंडळी,

टँक ३ × १.५ × १.५ फूट. दगड आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १५० लिटर. सॅलिनिटी १.०२५, तापमान २७ ते २८, नायट्रेट १० च्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. बांगाई कार्डिनल (समुद्री मासे) चार होते. दोघांनी जोडी जमवली आणि उरलेल्या दोघांना कोपऱ्यात दाबून ठेवलं, त्यांचे पर फाटायला लागले म्हणून ते दोन्ही बाहेर काढले. आता फक्त जोडी आहे. सोबत ओसेलॅरिस क्लाउनची एक जोडी, एक रॉयल ग्रामा आणि दोन क्लीनर झिंगे.

गेल्या आठवड्यापासून दोघांपैकी एक खातच नाही. मिसिस (गोठवलेले बारीक झिंगे) टाकलं की पुढे येतो, बघतो आणि मागे फिरतो. हनुवटीखालचा भाग खाली ओघळल्यासारखा दिसतो, तोंड पूर्ण मिटत नाही. प्रश्न असे:

१. ही अंडीच आहेत की आजार?
२. नराला वेगळं करायचं का? करायचं तर कधी?
३. पिल्लांना पहिल्या दिवसापासून काय घालायचं?
४. दुकानात मिळणारे बांगाई समुद्रातून पकडलेले की टँकमध्ये पैदा झालेले, हे कसं ओळखायचं? पुढे नवीन घ्यायचेच झाले तर काय बघून घ्यावेत?

रीफकट्टा_डोंबिवली

तुम्ही सांगताय ती लक्षणं अंड्यांचीच आहेत. तरी खात्री करून घ्या. टॉर्च बाजूने धरा आणि पाच मिनिटं नुसतं तोंडाकडे बघत राहा. नर मधूनमधून चूळ भरल्यासारखं तोंड उघडून अंड्यांचा गोळा आत फिरवतो, म्हणजे सगळ्या अंड्यांना ताजं पाणी लागतं. त्या क्षणी ओठांच्या मागे नारिंगी मण्यांचा घोस दिसतो. एकेक अंडं जवळजवळ ३ मिलिमीटरचं असतं, समुद्री माशांच्या मानाने बरंच मोठं, त्यामुळे चष्म्याशिवायही दिसतं.

आजारी मासा वेगळा दिसतो. अंडी धरलेला नर आपली जागा सोडत नाही, पर ताठ असतात, तुम्ही काचेजवळ गेलात की त्याचा डोळा तुमच्याकडे वळतो. आजारी मासा काळपट पडतो, वर नाहीतर तळाशी एकटा लोंबकळतो, गिल्स भराभर चालतात आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी येते. हे चारही एकत्र दिसलं तर बांगाईंमध्ये पहिला संशय इरिडोव्हायरसचा (माशांच्या एका जीवघेण्या विषाणूचा) घ्यायचा. त्याला औषध नाही. तुमच्याकडे तसं काही दिसत नाही.

आता वेळेचा हिशोब. २७–२८ डिग्रीला अंडी फुटायला साधारण २० दिवस. पण अंडी फुटली म्हणजे पिल्लं बाहेर आली असं नाही. ती बापाच्या तोंडातच आणखी आठवडाभर, कधी दहा दिवस राहतात आणि पोटाखालचा बलक संपला की बाहेर पडतात. म्हणजे एकूण २५ ते ३० दिवस. पाणी थंड असेल तर आणखी लांबतं. हीटर वाढवून घाई करू नका. ३० च्या वर पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि नराचं तोंड आधीच भरलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात त्याला हात लावायचा नाही, टँकमध्ये दगड हलवायचे नाहीत, नवीन मासा सोडायचा नाही. दचकला की तो अंडी गिळतो नाहीतर थुंकतो. थुंकलेली अंडी मादी किंवा क्लाउन लगेच खातात. पहिल्यांदाच धरणारे तरुण नर तर काही कारण नसतानाही तीन-चार दिवसांत गिळून टाकतात. तसं झालं तर नर बाद झाला असं समजू नका. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या खेपेला बहुतेक नर नीट धरतात.

हलवायचंच असेल तर १८ ते २२ व्या दिवसाच्या दरम्यान. त्या सुमाराला तोंडात नारिंगीऐवजी चंदेरी चमक दिसते, ती पिल्लांच्या डोळ्यांची असते. रात्री दिवे गेल्यावर एक तासाने, मंद लाल टॉर्च घेऊन. जाळी अजिबात नको. परांचे काटे जाळीत अडकतात, मासा धडपडतो आणि तिथेच सगळं बाहेर टाकतो. पारदर्शक प्लास्टिकचा दोन लिटरचा डबा पाण्यात आडवा धरायचा, दुसऱ्या हाताने नराला हळूहळू त्यात ढकलायचं आणि डबा पाण्यासकटच उचलायचा. मासा हवेत येता कामा नये. नर्सरीत पाणी त्याच टँकचं असू द्या, म्हणजे सॅलिनिटी-तापमान जुळवत बसावं लागत नाही.

नर्सरी म्हणजे ४० लिटरची साधी टाकी. तळाला वाळू नको, तीन बाजूंना बाहेरून काळा कागद, हीटर २७ ला आणि एक स्पंज फिल्टर. हा स्पंज आजच तुमच्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा. त्यात बॅक्टेरिया बसायला तीन-चार आठवडे लागतात. कोरा स्पंज लावला तर पिल्लं आली त्याच आठवड्यात अमोनिया चढतो, आणि पिल्लं जाण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण.

आणि खोटा अर्चिन (लांब काट्यांचा समुद्री जीव) बनवायला विसरू नका. काळे नायलॉनचे केबल टाय २०–२५, लांबी १० ते १५ सेंटिमीटर. पीव्हीसीच्या टोपीला भोकं पाडून किंवा टँकला चालणाऱ्या इपॉक्सीच्या गोळ्यात ते चहूबाजूंनी खोचायचे. टायची डोकी आत, टोकं बाहेर. पिल्लं तोंडातून बाहेर पडली की सरळ या काट्यांत शिरतात. निसर्गात ती लांब काट्यांच्या काळ्या डायाडेमा अर्चिनमध्ये किंवा अ‍ॅनिमोनच्या हातांमध्ये राहतात. आसरा नसेल तर ती टाकीभर सैरभैर फिरतात आणि खायचं सोडून देतात.

शेवटचं पिल्लू बाहेर आलं की नराला लगेच मोठ्या टँकमध्ये परत न्या. महिनाभर उपाशी असतो. पिल्लं सोडल्यावर बांगाई त्यांची राखण करत नाहीत, स्वतःचीही खातात.

आर्टेमियावाला

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. बहुतेक लोकांची पिल्लं इथेच जातात.

चांगली गोष्ट अशी की बांगाईच्या पिल्लांना रोटिफर (डोळ्यांना जेमतेम दिसणारं जिवंत खाद्य) लागत नाहीत. बाहेर पडताना ती शेपटी धरून ८ मिलिमीटरच्या आसपास असतात, आकाराने अगदी बापाची छोटी प्रत, आणि त्याच दिवशी ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) गिळू शकतात. क्लाउनच्या पिल्लांसाठी जो हिरव्या पाण्याचा आणि रोटिफरचा संसार मांडावा लागतो तो इथे नाही.

आर्टेमिया असा काढा. १ लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ (आयोडीन नसलेलं, जाडं), चिमूटभर खायचा सोडा, १ ग्रॅम अंडी. उलटी केलेली बाटली, तळापासून जोरात हवा, वर दिवा, तापमान २८. २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. खालच्या बाजूला उजेड धरलात की आर्टेमिया तिकडे जमतात, ते हवेच्या बारीक नळीने ओढून १२० मायक्रॉनच्या जाळीत गोड्या पाण्याने धुवायचे. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं. टरफल काढलेली अंडी मिळत असतील तर थोडे पैसे जास्त देऊन तीच घ्या.

यापुढचं नीट वाचा. नुसत्या आर्टेमियावर बांगाईची पिल्लं दोन-तीन आठवडे मस्त खातात, पोट नारिंगी दिसतं, आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. मग एक दिवस दिवा लावला किंवा झाकण आपटलं की चार-पाच पिल्लं गर्रकन फिरून तळाशी पडतात. काही मरतात, काही थोड्या वेळाने उठतात. हा रोग नव्हे. आर्टेमियामध्ये डीएचए जवळजवळ नसतं, आणि समुद्री माशांच्या पिल्लांना मेंदू-मज्जातंतूंसाठी लांब साखळीची ही ओमेगा-३ मेदाम्लं आयतीच खाण्यातून मिळावी लागतात. ती मिळाली नाहीत तर कुठलाही धक्का सहन होत नाही.

म्हणून आर्टेमियाला आधी खाऊ घालायचं आणि मग पिल्लांना. पण फुटल्याबरोबर नाही. ताज्या आर्टेमियाचं तोंड उघडलेलं नसतं, तेव्हा पोषक द्रव टाकला तर नुसतं पाणी खराब. फुटल्यावर साधारण ८–१२ तासांनी पहिली कात टाकली की त्यांना खाता येतं. त्यानंतर सेल्कॉनसारखं एनरिचमेंट (ओमेगा-३ असलेला पोषक द्रव) बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात टाकून, हवा चालू ठेवून १२ तास ठेवा. मग पुन्हा धुवून लगेच घाला. उरलेले फ्रिजमध्ये ठेवा, थंडीत त्यांची पचनक्रिया मंदावते आणि टाकलेलं आत टिकतं. बाहेर ठेवले तर काही तासांत ते स्वतःच सगळं पचवून टाकतात.

रोजच्या सवयीत दोन बाटल्या चालू लागतात: एक फुटायला, एक एनरिचमेंटला. पिल्लांना दिवसातून ३–४ वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांत संपेल एवढंच. रोज तळ हवेच्या नळीने साफ करून १०–१५ टक्के पाणी मोठ्या टँकच्या पाण्याने बदला. दिवा एकदम लावू नका. आधी खोलीतला, मग टाकीवरचा. तिसऱ्या आठवड्यापासून फ्रोजन सायक्लॉप्स (गोठवलेले बारीक जलजीव) सुरू करा, पाचव्या-सहाव्या आठवड्यात बारीक चिरलेलं मिसिस. तीन महिन्यांत मासा इंचभर होतो.

कोरलखडक

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. त्यासाठी हा मासा राहतो कुठे तिथून सुरुवात करतो.

बांगाई हा इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला असलेल्या बांगाई बेटांचा मासा. जगात मूळचा फक्त तिथला. १९३३ मध्ये कोउमान्स यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. १९९४ मध्ये जेराल्ड अ‍ॅलन यांना तो पुन्हा दिसला, १९९५ मध्ये त्याची माहिती छापून आली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभरच्या टँकमध्ये तो पोचला. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दरसाल ६ ते ७ लाख मासे पकडले जात होते असा अंदाज आहे. त्याच काळात समुद्रातली एकूण संख्या अंदाजे २४ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

याला इतकी पकड का सोसत नाही, त्याचं कारण तुमच्या टँकमध्ये आत्ता घडतंय तेच आहे. बहुतेक प्रवाळ-माशांची अंडी किंवा अळ्या आठवडे-आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात. एका खडकावरचे मासे संपले तरी दूरच्या खडकावरून नवी अळी येऊन बसते. बांगाईला ती सोयच नाही. बाप महिनाभर तोंडात सांभाळतो आणि त्याच अर्चिनपाशी पिल्लं सोडतो. मोठे झाल्यावरही ते उघडं खोल पाणी ओलांडून जात नाहीत. त्यामुळे दोन-चार किलोमीटरवरच्या खडकांवरचे बांगाईसुद्धा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. एका खडकावरचे मासे उचलले की ती वस्ती कायमची गेली, बाहेरून भर पडत नाही. शिवाय ते राहतात एक ते तीन मीटर खोलीवर, काठाजवळच्या समुद्री गवतात आणि अर्चिनच्या घोळक्यात. पकडणं फार सोपं. आता तर अर्चिन आणि अ‍ॅनिमोनच गोळा केले जातात, त्यामुळे मासा पकडला नाही तरी त्याचं घर जातं.

२००७ मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) त्याला धोक्यात आलेली प्रजाती ठरवलं. साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या जागतिक कराराच्या) यादीत घालायचे प्रस्ताव २००७ आणि २०१६ मध्ये आले आणि दोन्ही वेळा मागे घेतले गेले. इंडोनेशियाने २०१८ मध्ये बांगाई बेटांत विणीच्या महिन्यांपुरती, म्हणजे फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, पकडण्यावर बंदी आणली. लेम्बेच्या सामुद्रधुनीत आणि बालीच्या पश्चिम टोकाला आज बांगाई दिसतात, पण ते व्यापाऱ्यांकडून सुटलेल्या माशांची पिलावळ. ते बघून मासा भरपूर आहे असं म्हणणं चूक. मूळ वस्त्यांमधलं वैविध्य त्यांच्यात नाही.

आता दुकानात काय बघायचं. थायलंडमध्ये बांगाईंची मोठ्या प्रमाणावर पैदास होते. तिथून येणारे मासे एकाच मापाचे असतात, इंच-सव्वा इंच, आणि टँकसमोर माणूस आला की पुढे येतात. पकडलेले बहुतेक मोठे, ५–६ सेंटिमीटरचे, लहान-मोठे मिसळलेले, डोक्यामागे पोट आत गेलेलं, पर फाटलेले. सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे दुकानदाराला तुमच्यासमोर कोरडे दाणे घालायला सांगा. पैदास केलेला मासा दाण्यावर तुटून पडतो. पकडलेला मिसिसकडे वळेल, दाणा मात्र तोंडात घेऊन थुंकेल. आयातीच्या बिलावरचा देश विचारा, पण इंडोनेशिया लिहिलंय म्हणजे पकडलेलाच असं नाही, बालीतही पैदास होते. कुणालाच काही सांगता येत नसेल तर घेऊ नका.

इरिडोव्हायरसचा धोकाही पकडलेल्या माशांना जास्त. पुढची दुकानं, साठवणीच्या टाक्या, पिशव्या, प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळ्या ठिकाणचे मासे एका पाण्यात येतात. कुठलाही बांगाई आणलात तरी चार आठवडे वेगळा ठेवा, नळी-जाळीसुद्धा वेगळी.

अर्चिनप्रेमी

रीफकट्टा दादांच्या केबल टायला विरोध नाही, पण मोठ्या टँकमध्ये खरा डायाडेमा ठेवायचा विचार कुणी करत असेल तर १५० लिटरमध्ये नको. काटे धरून तो फूटभर पसरतो, रात्री फिरतो, कोरलचे तुकडे उलथतो आणि शेवाळं संपलं की उपाशी राहतो. हात घालताना काटा टोचला तर तो त्वचेत तुटतो, आणि विषारी असतो. २५० लिटरच्या पुढे, भरपूर शेवाळी दगड असतील तरच.

दगडांबद्दलही एक. आपल्या किनाऱ्यावरून लाइव्ह रॉक (जीवजंतू बसलेला समुद्री दगड) किंवा कोरल उचलून आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सगळी दगडी कोरलं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, मेलेला तुकडासुद्धा. कोरडा बेस रॉक घ्या आणि दोन-तीन महिने पिकू द्या.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. नराला हलवायचंच कशाला? टँकमध्ये ग्रामा आणि क्लाउन आहेत म्हणून पिल्लं वाचणार नाहीत, मान्य. पण मोठ्या टँकमध्येच एग-क्रेटच्या (चौकोनी प्लास्टिकच्या) जाळीचा कप्पा करून नराला त्यात घेतलं तर पाणी तेच राहतं, वेगळा फिल्टर लागत नाही आणि रात्रीची पकडापकड वाचते. कप्प्याला आतून बारीक जाळी लावली की पिल्लंही आतच राहतात.

रीफकट्टा_डोंबिवली

कप्पा चालतो, पण दोन अडचणी. जाळी बारीक असेल तर आर्टेमिया आत राहतात आणि पाणी फिरत नाही. मोठी असेल तर पाणी फिरतं आणि आर्टेमिया सगळे क्लाउनच्या पोटात. आणि तळ साफ करता येत नाही. नर सांभाळायला कप्पा उत्तम, पिल्लं वाढवायला टाकीच बरी. २० व्या दिवसापर्यंत कप्प्यात ठेवून मग नर्सरीत नेला तरी चालेल, पकडायलाही सोपा जाईल.

खारंपाणी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्चने बघितलं, नारिंगी घोस स्पष्ट दिसला. स्पंज आजच सम्पमध्ये टाकला. दोन शंका राहिल्या. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-तीन तास वीज जाते, तेव्हा काय? आणि अंडी नराच्या तोंडातून काढून बाहेर फिरत्या पाण्यात फोडतात असं वाचलं, ते करावं का? मादी आत्ताच पुन्हा त्याच्याभोवती थरथरत फिरायला लागली आहे, तिचं काय?

रीफकट्टा_डोंबिवली

वीज: बॅटरीवर चालणारा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा एअर पंप घ्या आणि एअर स्टोन नराच्या कप्प्यात सोडा. तापमान दोन-तीन तासांत फार हलत नाही, ऑक्सिजन मात्र हलतो. मे महिन्यात पाणी ३० च्या वर गेलं तर पृष्ठभागावर पंखा लावा. नाशिकच्या कोरड्या हवेत दोन-तीन डिग्री सहज उतरतात. मुंबईत जुलैमध्ये हाच पंखा फारसा उपयोगाचा नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवन फारसं होत नाही. पंखा चालू असताना उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरा, नाहीतर सॅलिनिटी चढत जाईल.

अंडी काढणं: नको. पाण्याचा वेग जरा जास्त झाला तर अंडी फुटतात, कमी झाला तर बुरशी धरते आणि एका खराब अंड्याने सगळा गोळा जातो. बाप हे काम तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. त्याला करू द्या.

मादी: ती पुढच्या विणीला तयार होतेय. नराने पिल्लं सोडली की काही दिवसांतच ती पुन्हा अंडी देऊ शकते आणि तो पुन्हा धरतो, पुन्हा महिनाभर उपाशी. असं लागोपाठ झालं की नराची पाठ धारदार होते, डोक्यामागे खड्डा पडतो आणि एखाद्या खेपेला तो मरतो. पिल्लं सोडल्यावर त्याला तीन-चार आठवडे जाळीआड ठेवा, दिवसातून तीन वेळा मिसिस आणि एनरिच केलेलं ब्राइन श्रिम्प (म्हणजे आर्टेमिया) घाला. पोट भरलेलं, पाठ गोल दिसली की मगच जाळी काढा.

कोरलखडक

पिल्लं जगली तर एक लक्षात ठेवा. भावंडांचीच जोडी पुढे लावू नका. दुसऱ्या कुणाच्या विणीतली दोन-तीन पिल्लं बदलून घ्या आणि कोणती कोणाकडची हे लिहून ठेवा. देताना तीन महिन्यांच्या आत देऊ नका, दाणे खायला लागलेलीच द्या. पाठवायच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवा. एका पिशवीत दोनच, एक तृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन, पिशवी दुहेरी, कोपरे रबरबँडने गोल बांधलेले, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकत नाही. घेणाऱ्याला सांगा की टँकमध्ये एकटा ठेवा किंवा जमलेली जोडी, चार-पाचांचा थवा नको. मोठे झाल्यावर काय होतं ते वर पहिल्याच पोस्टमध्ये आहे.